परत आलेलं वाण

सोमवार, ५ जानेवारी २०२६

यानेके म्हणाली, लिहून ठेव. कोण काय बोललं, कधी बोललं, तारखेसकट. पुढे उपयोगी पडतं. म्हणून लिहितेय, हौस म्हणून नाही. सातवीनंतर मी लिहिलं ते वाण्याच्या याद्या आणि आईला पत्रं. ही वही माझ्या मुलीची, योगिनीची जुनी आहे. तिच्या भूमितीची पानं फाडून टाकली.

तर आज सकाळी सव्वासातला धुणघरात शिरले, तर विलेमीन मशीन न लावता स्टुलावर बसलेली. धुणघर म्हणजे कपड्यांचं नव्हे. विद्यापीठाच्या सगळ्या प्रयोगशाळांची काच खाली आमच्याकडे येते. चंबू, बीकर, नळ्या, बाटल्या. आम्ही तिघी ती धुतो, तीनदा शुद्ध पाण्यातून काढतो, भट्टीत वाळवतो आणि गाडीवरून वर पाठवतो. विलेमीन तीस वर्षं, मी अकरा, सेव्दा चार.

विलेमीन म्हणाली, "शुक्रवारी दोन माणसं टेप घेऊन आली होती. भट्टी काढली तर इथे किती कपाटं बसतील, ते मोजत होती."

"कसली कपाटं?"

"प्लास्टिकची. वापरा आणि फेका. आपण जुलैपासून नको."

सेव्दा काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नाही. तुर्की बाई आहे. तिला चार वर्षांत मी पाच वाक्यं बोलताना ऐकलं असेल.

मला बसवेना. दहा वाजता सरळ वर गेले आणि यानेकेला गाठलं. ती कर्मचाऱ्यांच्या सल्लागार समितीची सेक्रेटरी. त्या समितीचं डच नाव एवढं लांब आहे की उच्चारेपर्यंत चहा निवतो. मी विचारलं, "आमचं बंद करताय का?" ती म्हणाली, "मला काही सांगता येत नाही." म्हणजे करतायत. मग म्हणाली, "फेब्रुवारीत समितीची निवडणूक आहे. पाच जागा. खालच्या मजल्यावरून आजवर कुणी उभं राहिलं नाही. आणि असा काही बदल करायचा असेल तर आधी समितीचा सल्ला घ्यावाच लागतो."

"सल्ला घेतल्याशिवाय बंद करता येत नाही?"

"सल्ला घेतल्याशिवाय नाही."

झालं तर मग. मी समितीत बसणार आणि नाही म्हणणार.

गुरुवार, ८ जानेवारी

फॉर्म भरला. दहा जणांच्या सह्या लागतात. विलेमीन गाडी घेऊन काच पोचवायला वर गेली आणि तासाभरात बारा सह्या आणल्या. म्हणाली, "तू निवडून आलीस की तुला कुणी काढू शकत नाही. नियमच आहे तसा." मी म्हटलं, मग काय, सुटलो आपण.

घरी सांगितलं, तर हे म्हणतात, "निवडणूक लढवतेयस की भांडण?"

"दोन्ही."

"तुला कोण मत देणार? गेल्या महिन्यात त्या डॉक्टर पोराला तू भर कॉरिडॉरमध्ये गलिच्छ म्हणालीस."

"त्याने बीकरमध्ये नूडल्स खाल्ल्या होत्या."

हे इथे हॉटेलात तंदूरवर आले, मी मागून आले. आता पाठ गेली, तीन वर्षं घरात आहेत. बोलायला वेळच वेळ. मी बावन्न वर्षांची. मला डच बोलता येतं, लिहिता धड येत नाही. काच धुता येते, ती मात्र अशी की वरचे सायंटिस्ट उजेडात धरून बघतात आणि डाग सापडत नाही. हे काम गेलं तर दुसरीकडे मला कोण उभं करणार? सोमवारपासून जेवण जात नाही.

फॉर्मवर 'आपण समितीसाठी काय कराल' असा रकाना होता. मी लिहिलं, खोटं बोलणार नाही. योगिनी ते वाचून हसली आणि डचमध्ये म्हणाली, "आई, असं कुणी लिहीत नाही." मी म्हटलं, मराठीत बोल, मग सांग कोण काय लिहितं ते.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. डब्यातून तिळाच्या वड्या नेल्या. विलेमीनला तिळगूळ दिला आणि म्हटलं, हे खा आणि गोड बोल. ती म्हणाली, "मी बोलतेच. तू किती खाल्लेस?"

आमच्याकडे एक पेटी असते, फेकायच्या काचेची. ज्या चंबूच्या काठाला टवका गेला तो प्रयोगाला चालत नाही. धुऊनपुसून पेटीत. त्यातला एक मुठीएवढा छोटा चंबू मी घेतला, काठ दगडावर घासून गुळगुळीत केला, गळ्याला लाल दोरा बांधला, आत वड्या घातल्या आणि विलेमीनला दिला. तिने खिडकीत ठेवला. उन्हात काय दिसत होता!

तिथेच डोक्यात आलं. रविवारी मी हळदीकुंकू करणार. गावात मराठी बायका आहेत बारा-पंधरा, निम्म्या विद्यापीठातल्या. वाण म्हणून हाच चंबू. प्लास्टिकचे डबे तर सगळेच वाटतात. वाण घेतलं की बाई आपली होते, मत कुठे जात नाही.

सेव्दाला सांगितलं तर ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिलाही एक देऊ केला. तिने मान हलवली, नको.

रविवार, १८ जानेवारी

अकरा जणी आल्या. घर लहान, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. साबुदाण्याची खिचडी, मसाला दूध. प्रत्येकीला हळदकुंकू लावलं, चंबूलाही बोट लावलं, आणि हातात देताना एकेकीला सांगितलं, "दोन तारखेपासून मत द्यायचंय, माझं नाव लक्षात ठेवा." सगळ्या म्हणाल्या, हो हो काकू, विचारायचं का ते! भार्गवी नावाची पोरगी बियांवर पीएच.डी. करते. ती तर म्हणाली, "काकू, हे एवढं क्यूट वाण मी जन्मात पाहिलं नाही."

सगळ्यात बरं वाटलं ते वासुदेव सर आले म्हणून. ते आमच्याच विभागात प्राध्यापक आहेत, वर डायरेक्टरबरोबर बसतात. ऋजुतावहिनींना सोडायला आले होते, मी म्हटलं आत या, दूध घ्या. आपलं माणूस वर असलेलं बरं असतं. ह्यांच्याशी गप्पा मारत बसले, मग चंबू हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला.

"नंदाताई, हे कुठून मिळतं हो?"

"फेकायच्या पेटीतून. तिला कोण विचारतंय."

"बरंच जमत असेल?"

"महिन्याला तीन पेट्या," मी म्हटलं. "तुमची पोरं कशीही आपटतात. आम्ही सांगून दमलो."

"तीन पेट्या!" सर म्हणाले. "बाप रे. आणि हे असंच घरी नेता येतं? कुणी बघत नाही?"

"कोण बघणार? खाली येतं कोण?"

ते हसले. म्हणाले, "तुम्ही समितीत आल्या पाहिजेत. झालंच समजा." मी वहिनींना दोन वड्या जास्त दिल्या.

बारा दिवसांनी आज पहिल्यांदा दोन पोळ्या खाल्ल्या.

बुधवार, २१ जानेवारी

नीट लिहिते, नाहीतर रडून घोटाळा होईल.

नऊ वाजता सुरक्षा विभागाचा उंच माणूस खाली आला. त्याच्या हातात फोन, फोनमध्ये माझा चंबू. हळदकुंकवाच्या बोटासकट. विचारलं, हे तुझं काम? मी म्हटलं, हो. खोटं बोलणार नाही म्हणून लिहून दिलंय ना. तर म्हणाला, प्रयोगशाळेची काच इमारतीबाहेर नेता येत नाही. तिच्यात काय काय होऊन गेलंय, कुणाला ठाऊक. लोकांनी त्यातून पाणी प्यायलं तर?

मी म्हटलं, "मी धुतलेल्या काचेतून तुझं बाळ दूध पिऊ शकतं."

हे बोलायला नको होतं. त्याचा चेहरा दगड झाला. म्हणाला, शुक्रवार संध्याकाळपर्यंत सगळी काच परत आण. नाही आली तर लेखी ताकीद. आणि लेखी ताकीद असलेल्या माणसाने निवडणुकीला उभं राहावं का, ते वरचे ठरवतील.

विलेमीन म्हणाली, "मग जा, आण परत. त्यात काय?"

तिला कसं सांगू? वाण परत मागायचं? सवाष्णीच्या ओटीतून काढून घ्यायचं? माझ्या आईने ऐकलं असतं तर तिने तोंडावर पदर घेतला असता. मी कुणाची उधारी मागायला लाजले नसते, भांडायला तर नाहीच नाही. पण हे.

घरी ह्यांना सांगितलं. मला वाटलं टोमणा मारतील. तर म्हणाले, "मी येऊ का बरोबर?" पाठ धरून उभं राहता येत नाही आणि म्हणे येऊ का.

फोटो भार्गवीने टाकला असणार, दुसरं कोण. क्यूट म्हणाली ना!

शुक्रवार, २३ जानेवारी

दोन्ही संध्याकाळी सायकलवर. वारा असा की पुढे जाण्याऐवजी मागे जात होते. बोटं लाल झाली. पिशवीत जुन्या टॉवेलात गुंडाळून एकेक चंबू.

पहिल्या घरी बाई हसली, तिला वाटलं गंमत करतेय. दुसरीने त्यात कोथिंबीर पेरली होती, कोंब आले होते. तिने ती मातीसकट वाटीत काढली आणि मला चंबू दिला. माती लागलेली. मी तिथेच उभ्या उभ्या रुमालाने पुसला. तिसरीची सासू आलीय भारतातून. ती आतून ओरडली, "अगं, देऊ नकोस. वाण परत घेते ती कसली बाई?" सून दारात उभी, मी दारात उभी. शेवटी सुनेने दिलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

भार्गवीकडे गेले ती भांडायच्या तयारीने. ती चंबू घेऊन दारातच उभी, डोळे सुजलेले. म्हणाली, "काकू, मी फोटो कुठेच टाकला नाही. शप्पथ. माझा गाइड चिडेल म्हणून मी काहीच टाकत नाही." मी म्हटलं, मग कुणी टाकला? तिला माहीत नाही. खोटं बोलत असेल. पण रडत होती खरी.

शेवटी वासुदेव सरांच्या घरी. ऋजुतावहिनी एकट्या होत्या. "अहो, ते तर हे सोमवारीच ऑफिसला घेऊन गेले," म्हणाल्या. बरं वाटलं. एवढा मोठा माणूस, माझं वाण टेबलावर ठेवतो. आज मी उंच माणसाला सांगितलं, दहा आणलेत, अकरावा इमारतीतच आहे, सरांकडे. तो म्हणाला, "हो, ते माहीत आहे." आणि वहीत टिक केली.

दहाही चंबू त्याने माझ्या डोळ्यांसमोर पेटीत टाकले. फुटायचा आवाज दहा वेळा.

ताकीद मिळाली नाही. पण दहा घरांत माझं तोंड काळं झालं.

सोमवार, २ फेब्रुवारी

मतदान सुरू. सगळं कम्प्युटरवर, विद्यापीठाच्या ईमेलवरून. मी भार्गवीला फोन केला. म्हटलं, झालं गेलं विसर, मत दिलंस का?

"काकू, मला मतच नाही. मी स्कॉलरशिपवर आहे. मी स्टाफ नाही, पाहुणी आहे."

"आणि बाकीच्या?"

तिने एकेक नाव घेऊन सांगितलं. अकरापैकी पाच जणी नवऱ्याच्या व्हिसावर, कुणी दुसरीकडे नोकरीला, कुणी घरी. तिघी स्कॉलरशिपवर. मत तीन जणींना. त्यातल्या एकीची सासू म्हणजे ती आतून ओरडलेली.

तीन. मी अकरा चंबू घासले, एवढी माणसं जेवू घातली, लाज सोडली, आणि मतं तीन. आधी विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याच आलं नाही. आपली माणसं म्हटली की मी मोजतच नाही.

आता संपलं असं वाटतं. सेव्दा तर आजकाल कामावर लक्षच देत नाही. गाडी घेऊन वर जाते आणि पाऊण पाऊण तास येत नाही. इकडे मशीन उघडं पडलेलं. सिगारेट ओढत नाही, मग करते काय? आज मी तिला बोलले. म्हटलं, "जुलैनंतर फिरायचंच आहे, आत्ताच कशाला सुरुवात?" ती गाडीचा दांडा धरून उभी राहिली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काही नाही. झोप नाही. हे म्हणतात, हरलीस तरी मी आहे. म्हटलं, तुम्ही आहात म्हणूनच काळजी आहे. मग वाईट वाटलं, चहा करून दिला.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आले! पाचवी आले. एकसष्ट मतं. सहाव्याला सत्तावन्न.

यानेके स्वतः खाली आली सांगायला. विलेमीनने मला उचललंच जवळजवळ. मी म्हटलं, पण कुणी दिली? मला तर वर कुणी ओळखत नाही. विलेमीन सेव्दाकडे बोट करून म्हणाली, "हिला विचार."

सेव्दा तीन आठवडे गाडी घेऊन प्रत्येक प्रयोगशाळेत जात होती. काच ठेवायची आणि म्हणायची, "ही काच नंदाने धुतली. तिला मत द्या." एवढंच डच तिला नीट पाठ होतं. चार मजले. बीकरमध्ये नूडल्स खाणाऱ्या पोरानेसुद्धा मत दिलं म्हणे.

मी म्हटलं, "मग मी बोलले तेव्हा सांगायचं ना!"

ती म्हणाली, "तू बोलत होतीस."

हसलो आम्ही तिघी. खूप दिवसांनी.

वासुदेव सरांचा मेसेज आला, "अभिनंदन नंदाताई! म्हटलं होतं ना." सरांनी वर शब्द टाकला असणारच.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

पहिली बैठक. कॉफी, बिस्किटं, पाच माणसं, यानेके सहावी. मी नवा स्वेटर घातला होता.

डायरेक्टरकडून एक जाड पाकीट आलंय. उघडण्याआधी यानेकेने एक कागद पुढे केला. ह्या पाकिटातलं बाहेर कुणाला सांगायचं नाही. सहकाऱ्यांना नाही, घरी नाही. निर्णय जाहीर होईपर्यंत. सांगितलं तर समितीतून बाहेर, आणि वर कारवाई. सगळ्यांनी सही केली. मीही केली. नाही केली तर पाकीट हातात देत नाहीत.

यानेके बाहेर येऊन हळूच म्हणाली, "तुझ्यासाठी हे कठीण आहे, मला माहीत आहे."

"मला गप्प बसता येतं," मी म्हटलं.

तिने मान खाली घातली.

रविवार, १५ फेब्रुवारी

चौदा पानं. शब्दाशब्दाला बोट लावून वाचलं. योगिनीला विचारता येत नाही, ह्यांना सांगता येत नाही. न्हाणीघरात कडी लावून बसले. दोघांनाही वाटलं माझं पोट बिघडलंय.

धुणघर बंद. एक जुलै. तिघींपैकी एक जागा राहणार, ज्या थोड्या काचा प्लास्टिकच्या होऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी. बाकी दोघींना निरोप.

कारणं दिलीत. तिसऱ्या पानावर लिहिलंय, 'खुद्द कर्मचाऱ्यांच्याच सांगण्यानुसार दर महिन्याला तीन पेट्या काच फेकली जाते, आणि तिच्यावर कुणाचीही देखरेख नाही.' आठव्या पानावर फोटो आहे. चंबू. लाल दोरा. हळदकुंकवाचं बोट उमटलेलं. खाली लिहिलंय, सुरक्षेचा धोका.

तो चंबू कुठल्या टेबलावर आहे ते दिसतंय. मागे खिडकी आहे, खिडकीत वासुदेव सरांच्या मुलीचा फोटो. मी तो त्यांच्या घरी पाहिलाय.

शेवटच्या पानावर हा प्रस्ताव बनवणाऱ्यांची तीन नावं आहेत. दुसरं सरांचं.

तीन पेट्या. माझ्या घरात, माझं दूध पिऊन.

आणि अकराव्या पानावर ते. राहणारी एक जागा नियमाने सगळ्यात जुन्या माणसाची, म्हणजे विलेमीनची. पण समितीच्या सभासदाला कायद्याने काढता येत नाही. म्हणून ती जागा न. गायकवाड यांची.

ते अक्षर मी कितीदा वाचलं. न. म्हणजे मी.

सेव्दा चार मजले फिरली. विलेमीनने बारा सह्या आणल्या. त्यांनी मला वर चढवलं आणि मी त्यांच्या जागेवर बसले.

चार वाजता सरांचा फोन. "नंदाताई, पाहिलंत ना? तुम्ही सेफ आहात. मी म्हटलं होतं, झालंच समजा." गोड आवाज. त्यांना खरंच वाटतंय की त्यांनी माझं भलं केलं.

मी म्हटलं, "सर, माझं वाण परत द्या."

"काय?"

"अकरावा चंबू. मला परत पाहिजे."

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मी फोन ठेवला.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

यानेकेला विचारलं, मी आजच राजीनामा दिला तर? म्हणाली, उपयोग नाही. समिती सोडली तरी दोन वर्षं संरक्षण चालूच राहतं. "म्हणजे मला काढताच येत नाही?" "नाही." "मी लिहून देते, मला काढा." ती म्हणाली, "तू नोकरी सोडू शकतेस. पण मग ती जागाच रद्द होईल, विलेमीनला मिळणार नाही. तसं लिहिलंय, बाराव्या पानावर."

बारावं पान मी वाचलं नव्हतं. अकराव्यावरच अडकले होते.

खाली विलेमीन नातवासाठी स्वेटर विणत होती. जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "निवृत्तीला सहा वर्षं. तोपर्यंत पोरगा माझ्याएवढा होईल." मी डबा तसाच बंद केला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

बैठक झाली. मी बोलले. जे आहे ते सगळं बोलले. तीन पेट्या कोण फोडतं, ती काच किती वर्षं पुरते, प्लास्टिक कुठे जाणार, आणि विलेमीनने तीस वर्षांत एक डाग सोडला नाही. डच चुकलं असेल. कुणी टोकलं नाही. पाचही जणांनी हात वर केला. आमचा सल्ला, बंद करू नये. एकमताने.

मी उठून उभी राहिले. मला वाटलं झालं. बाकीचे कागद गोळा करायला लागले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी मिठी मारली नाही. म्हटलं, "म्हणजे आता बंद होणार नाही ना?"

यानेके म्हणाली, "आता हे डायरेक्टरकडे जाईल. तो वाचेल. मग ठरवेल."

"पण आपण नाही म्हटलंय."

"आपण सल्ला दिलाय, नंदा."

"तू म्हणाली होतीस, सल्ल्याशिवाय करता येत नाही."

"सल्ल्याशिवाय नाही. सल्ल्याविरुद्ध येतं."

मी विचारलं, तू इथे वीस वर्षं आहेस, किती वेळा त्याने ऐकलं? तिने आठवायला वेळ घेतला. "दोनदा," म्हणाली. "एकदा सायकल स्टँडचं होतं."

खाली आले नाही. मागच्या दाराने सायकल काढली आणि घरी गेले. त्या दोघी माझ्यासाठी थांबल्या असतील.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सकाळी सव्वासात. विलेमीनने मशीन लावलं होतं. सेव्दा नळ्या ब्रशने घासत होती. मी कोट घातला, हातमोजे घातले, बेसिनपाशी उभी राहिले.

विलेमीन म्हणाली, "मग? काल काय झालं वर?"

मी बीकर उचलला. साबण. घासला. पहिलं पाणी.

"अगं, काय म्हणाले?"

दुसरं पाणी. तिसरं. उलटा ठेवला. दुसरा घेतला.

अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. मी जीभ दातांत धरली होती, खरोखरच धरली होती, रक्ताची चव येत होती. मशीनचा आवाज येत होता. सेव्दाचा ब्रश थांबला.

विलेमीन माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं ओकले असते.

"बरं," ती म्हणाली, फार हळू. "तू गप्प. म्हणजे एवढं वाईट आहे."

मग तिने नळ बंद केला. खिडकीपाशी गेली. संक्रांतीचा चंबू अजून तिथेच होता, बाहेर गेला नव्हता म्हणून कुणी मागितला नव्हता. त्यात तिने पेनं ठेवली होती. तिने पेनं काढून खिशात घातली, दोरा सोडला, चंबू साबणाने घासला. तीनदा शुद्ध पाण्यातून काढला, तीस वर्षं काढते तसाच. उजेडात धरून बघितला. आणि माझ्यासमोर ठेवला.

"तू राहणार आहेस," ती म्हणाली. विचारलं नाही तिने, नुसतं म्हणाली. "तुझ्याकडेच असू दे."

दोरा तिने स्वतःकडे ठेवला.

सेव्दाने गाडी भरली आणि वर गेली. आज पाच मिनिटांत परत आली.

मी कुणाला काही सांगितलं नाही. एक शब्द नाही. तारखेसकट लिहून ठेवते.